ताटांच्या पाण्यावरची बाग

१७ जुलै २०१७ रोजी, सोमवारी, मी आदिलाबादच्या पोस्टात बावीस रुपये भरून एक अर्ज रजिस्टरने पाठवला. अर्ज तेलुगूत होता आणि अक्षर माझं होतं. खाली सही मात्र मराठीत होती, प्रयागबाई चंपतराव. आडनावाला जागा उरली नव्हती, कारण सहीची अक्षरं त्यांनी बोटभर उंचीची काढली होती. त्या अर्जाबद्दल सांगायचं तर आधी प्रयागबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल आमच्या कार्यालयाच्या कागदांत आता काहीही नाही.

सावरखेडी भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावात कापूस, सोयाबीन, घरच्यापुरती ज्वारी. घरात मराठी बोलतात, कचेरीत तेलुगू आणि अडत्याशी हिंदी. शाळा मराठी माध्यमाची होती, दोन खोल्यांची, पाचवीपर्यंत. मी मंडल, म्हणजे तालुक्याहून लहान भागाच्या, शिक्षण कार्यालयात सीनियर असिस्टंट. दुपारच्या जेवणाचे तांदूळ, स्वयंपाकिणींचं मानधन आणि इंधन यांची बिलं माझ्या टेबलावरून जात. तांदळाचा साठा तपासायला दोन-तीन महिन्यांनी मी सावरखेडीला जात असे.

प्रयागबाई त्या शाळेच्या स्वयंपाकीण होत्या. त्याआधी त्या भाजी लावत आणि आठवडी बाजारात विकत. त्यांना एकच मुलगी होती, मालन. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण झालं, पण रक्त थांबलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मालन गेली, आणि बाळही दुसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की हिच्या अंगात आधीच रक्त नव्हतं.

हे मला गावातल्या कुणी सांगितलं नाही. अंबाडी निवडता निवडता प्रयागबाईंनीच एकदा सांगितलं. मी तांदळाची पोती मोजत होतो आणि त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"बाजारात मी दोनशे जुड्या न्यायची, सार," त्या म्हणाल्या. "मालनच्या भाकरीवर तिखट अन् तेल. एक जुडी घरी ठेवली की दोन रुपये गेले, असं वाटे मले."

आमच्या भागात शाळेशी संबंध असलेल्या प्रत्येक पुरुषाला सार म्हणतात. पोती अकरा होती. मी पुन्हा एकदा मोजली.

मालन गेल्यावर त्यांनी बाजार सोडला. पुढच्या वर्षी शाळेत स्वयंपाकाला लागल्या. शाळेच्या मागे थोडी उतरती जमीन होती, बाभळीची झुडपं आणि फुटकी कौलं पडलेली. जेवण झालं की मुलं बोअरच्या हातपंपावर आपापलं ताट धुवायची. तेव्हा शेहेचाळीस मुलं होती. पाणी कडेने वाहून रस्त्यावर चिखल व्हायचा आणि गावातले लोक शाळेच्या नावाने ओरडायचे. प्रयागबाईंनी हातपंपाखाली चार फरश्या बसवल्या आणि तिथून मागच्या जमिनीपर्यंत कुदळीने एक चर काढला. मग नियम केला की ताट आधी राखेने घासायचं आणि नंतर फरशीवरच धुवायचं. शेहेचाळीस ताटांचं पाणी त्या चरातून मागे जाऊ लागलं. त्या पाण्यावर बाग झाली.

चवळाई, अंबाडी, पालक, कुंपणाला वालाचे वेल आणि कोपऱ्यात दोन शेवगे. प्रत्येक वर्गाला एक वाफा दिलेला होता. चौथीचा वाफा सुकला तर तिसरीची मुलं त्यांना म्हणायची की तुमी ताट चाटूनच धुता काय. रोजच्या वरणात किंवा सांबारात एक पालेभाजी पडायचीच. मुलामागे मिळणाऱ्या चार रुपयांत एवढी भाजी कशी बसते, म्हणून मी पहिल्यांदा चौकशी केली, तेव्हा मला ही बाग दिसली.

दर सोमवारी जेवणाआधी त्या मुलींना रांगेत उभं करत आणि एकेकीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघत. एक नर्सबाई गावात आली होती, तिच्याकडून त्यांनी ते पाहून ठेवलं होतं. पापणी आतून कुंकवासारखी असली तर पुढे जा. ज्वारीच्या पिठासारखी असली तर त्या मुलीच्या ताटात दुसरी पळी, आणि वर लिंबाची फोड. फोड का, असं विचारलं तर पाच-सहा वर्षांच्या मुलीसुद्धा सांगायच्या की आंबट असलं तरच पाल्यातलं रक्त अंगाला लागते. हे त्या पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. रोज त्यांच्या ताटात घडत होतं.

नवरा चंपतराव शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली बसलेला असे. मला बघितलं की म्हणायचा, "सरकारच्या जागेत, सरकारले न विचारता, सरकारच्या पोरांले पोसून राह्यली आमची बाई. धरून न्या तिले." कुंपणाचे काटे मात्र त्यानेच तोडून आणले होते.

मी एकदा प्रयागबाईंना म्हणालो की भाजी एवढी उरते, तर घरोघरी वाटून टाका, मुली घरीही खातील. त्या हसल्या. "घरी भाजी पयले बापाच्या ताटात, मंग भावाच्या. पोरगी वाढते अन् उरलं तं खाते. शाळेत ताट पोरीचं असते, सार."

त्यांचं सगळं काम या एका वाक्यावर उभं होतं. गावातल्या मुली लग्न होऊन जाण्याआधी त्यांच्या अंगात रक्त भरलं पाहिजे, आणि ते शाळेतल्या ताटातच भरतं. याच्यापलीकडे त्यांना काही नको होतं.

२०१४ साली राज्य वेगळं झालं. आमच्या कार्यालयात त्याचा पहिला परिणाम शिक्क्यांवर झाला. नवे येईपर्यंत जुन्या शिक्क्यातलं राज्याचं नाव पेनाने खोडून वर तेलंगणा लिहायचं काम काही आठवडे माझ्याकडे होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मंडलंही नव्याने पाडली, आणि सावरखेडी आमच्या मंडलातून निघून नव्या मंडलात गेली. दप्तर पोत्यांत भरून जीपने पाठवलं. पोत्यांवर खडूने गावांची नावं मीच घातली. गावकऱ्यांना यातलं फारसं काही जाणवलं नाही. त्यांना जाणवलं ते जून २०१७ मध्ये.

मुलं कमी होत गेली होती. पिवळ्या बस गावात येऊन इंग्रजी शाळेसाठी मुलं घेऊन जाऊ लागल्या होत्या. एकोणीस उरली, त्यांत चौदा मुली, कारण फी मुलग्यांचीच भरली जायची. एकोणीस मुलांची शाळा चालत नाही. ती चार किलोमीटरवरच्या धानोलीच्या मोठ्या शाळेत विलीन झाली. धानोलीत स्वयंपाकाला विमलबाई आधीपासून होत्या. प्रयागबाईंची जागा संपली. नव्या कार्यालयात माणसं कमी होती, म्हणून धानोलीच्या जेवणाची तपासणी काही महिने माझ्याकडेच राहिली होती.

शाळा बारा जूनला उघडली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी धानोलीला गेलो. वरणात शेवग्याचा पाला आणि चवळाई होती. मी दोन घास खाल्ले आणि मला चव ओळखू आली. विमलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या बाजारातून आणली. बिल मागितलं तर त्या चुलीकडे वळल्या. मुख्याध्यापक उद्धवराव माझ्याशेजारीच जेवत होते. ते वर न बघता म्हणाले की चवळाई चांगली कोवळी आहे, घ्या आणखी.

मागच्या दारी प्रयागबाई बसल्या होत्या. टोपली रिकामी करून, डोक्यावरची चुंबळ मांडीवर घेऊन. रोज सकाळी त्या सावरखेडीची भाजी तोडायच्या, चार किलोमीटर चालत यायच्या आणि मागच्या दाराने विमलबाईंच्या हातात द्यायच्या. मग मुलींचं जेवण होईपर्यंत बसून राहायच्या. आता त्या चौदा मुलींबरोबर धानोलीच्या मुलीही होत्या. सोमवारची रांग मोठी झाली होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तिसाहून जास्त वर्षं रकाने भरण्यात गेली. शाळेत बाहेरून जिन्नस येते आणि तिची नोंद नाही, हे मला स्वस्थ बसू देईना. माझा हेतू वाईट नव्हता. बाहेरच्या भाजीने उद्या एखाद्या मुलाला काही झालं, तर पहिल्यांदा विमलबाईंची नोकरी जाईल आणि मग प्रयागबाईंवर केस होईल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. त्यावर उपाय एकच, परवानगी. सावरखेडीची बाग ही विलीन झालेल्या शाळेची बाग धरावी आणि प्रयागबाईंना भाजी पोचवण्याची मुभा द्यावी, असा नव्या मंडल कार्यालयाच्या नावाने साधा अर्ज. मी तो तिथेच, वर्गातल्या बाकावर बसून लिहिला.

उद्धवराव म्हणाले, "तुमाले कोरा रकाना दिसला की झोप येत नाही, नाही का?" मी म्हणालो की कागद झाला की कुणी अडवू शकणार नाही.

प्रयागबाईंना मी अर्ज मराठीत वाचून दाखवला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "लिवू नका, सार. अजून कोनाले दिसलं नाही. लिवलं की दिसते."

मी त्यांना समजावलं. दहा मिनिटं समजावलं. आज उद्धवराव आहेत, उद्या दुसरे मुख्याध्यापक येतील, तेव्हा कागदच तुमच्या बाजूने बोलेल. शेवटी त्यांनी पेन घेतलं. मानधनाच्या रजिस्टरवर वर्षानुवर्षं त्या अंगठा उठवायच्या. सही करायला त्यांना दुसरीतल्या मुलींनी शिकवलं होतं, आणि ती त्यांनी पहिल्यांदा या अर्जावर केली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातातून सोडला नाही.

उत्तर २८ ऑगस्टला आलं. सावरखेडीची जागा बंद शाळेची आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे हे जुन्या मंडलाच्या दप्तरावरून ठरेल, आणि ते ठरेपर्यंत बाहेरची कोणतीही जिन्नस धानोलीच्या स्वयंपाकघरात घेऊ नये. पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना होती. ती भिंतीवर लावणं उद्धवरावांना भाग होतं. त्यांनी ती लावली आणि त्या दिवशी माझ्याशेजारी जेवायला बसले नाहीत.

दुसऱ्या सकाळी प्रयागबाई टोपली घेऊन आल्या. विमलबाईंनी मागचं दार उघडलं नाही. दाराआडून एवढंच म्हणाल्या, "बाई, माह्या घरात दोघं पोरं शिकून राह्यले." प्रयागबाईंनी टोपली उचलली आणि परत गेल्या. हे मला विमलबाईंनीच नंतर सांगितलं, डोळ्याला पदर लावून. त्यांचा दोष नव्हता.

मी स्मरणपत्रं लिहिली. मला दुसरं काही येत नव्हतं. प्रत्येक पत्रावर एक प्रश्न परत यायचा. बियाणं कोणाच्या खर्चाचं. पाणी तपासलं आहे का. अर्जदार कोणत्या नात्याने अर्ज करते. जुन्या दप्तरात पाहावं म्हणून मी नव्या कार्यालयात गेलो, तर माझ्याच खडूची पोती एका खोलीत एकावर एक रचलेली होती. सावरखेडीचं सगळ्यांत खाली होतं. मी आणि तिथल्या शिपायाने ते काढलं. आत तांदळाची रजिस्टरं होती, हजेरी होती, बागेविषयी ओळ नव्हती. असणार कुठून? बागेला रकाना नव्हता, म्हणून मीच कधी लिहिलं नव्हतं.

तोपर्यंत हिवाळा आला होता. पावसाळ्यात बाग आपोआप जगली, पण दिवाळीनंतर पाणी लागू लागलं, आणि ताटं आता धानोलीत धुतली जात होती. चर कोरडा पडला. प्रयागबाई हातपंपावरून घागरी भरून वाफ्यांना घालत होत्या. भाजी येत होती आणि तोडली जात नव्हती. बाजारात नेली असती तर चार पैसे आले असते, पण शाळेच्या वाफ्यातली जुडी विकायची नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलेलं होतं. शेजारी थोडी न्यायचे. बाकीची जून होऊन फुलावर गेली. चंपतराव लिंबाखालून म्हणायचा, "शाळेत पोरं नाही अन् बागेत भाजी. आता काय वानरं शिकोतं?" मग उठून तोच पंप दाबायचा आणि ती घागर भरायची.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटचं पत्र आलं. अर्जदार आता स्वयंपाकीण नसल्याने तिला अर्ज करण्याचा अधिकार नाही, सबब प्रकरण बंद. ते समक्ष सांगावं असं मला वाटलं. नदीपलीकडे एक लग्न होतं, म्हणून पत्नी आशा माझ्याबरोबर मोटारसायकलवर होती. जाता जाता आम्ही सावरखेडीला थांबलो.

बाग माणसाएवढी उंच झाली होती. अंबाडी वाळून तांबूस पडली होती आणि बोंडं कडकडत होती. प्रयागबाई खाली चादर अंथरून बी झोडत होत्या. मी उभ्यानेच पत्र वाचलं, एकेका ओळीचं मराठी करत. त्या हातातली काडी खाली ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, "म्हंजे आता आणखी कागद नाही?"

मी म्हणालो, नाही.

त्या उठल्या. मला वाटलं घरी जातील. त्या आशाजवळ गेल्या, तिचा चेहरा वर केला आणि अंगठ्याने डोळ्याखालची पापणी ओढली. आशा गोंधळून हसली. त्यांनी दुसरा डोळाही पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"तुमी घरी बी कागदच पाह्यता काय, सार?"

मी पुढे वाकून पाहिलं. आत रंगच नव्हता. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ते कधी पाहिलं नव्हतं. ती दुपारी दमते, जिना चढताना थांबते, हे मला माहीत होतं, आणि वय झालं असं मी समजत होतो.

प्रयागबाईंनी चादरीवरचं बी मुठीत घेतलं आणि आशाच्या पदरात सोडलं. मूठभर. मी खिशात हात घातला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. आमच्याकडे बी विकत देत नाहीत आणि फुकटही देत नाहीत. फुकटचं बी उगवत नाही, असं मानतात. बी उसनं द्यायचं आणि पुढच्या हंगामात दुपटीने परत घ्यायचं, तेही ज्या हाताने दिलं त्याच हातात.

"उसनं हाय," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली दोन मुठी. माह्या मुठीनं."

पुढच्या आठवड्यात आशाचं रक्त तपासलं. साडेसात भरलं. औषधं सुरू झाली, आणि जूनमध्ये मी अंगणात अंबाडी पेरली. जेवताना भाजी आधी तिच्या ताटात वाढायची, हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागलं. पहिले काही दिवस ती माझ्या ताटात परत टाकायची. दिवाळीला तिचं रक्त अकरा झालं.

जुलैमध्ये उद्धवरावांचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता म्हणाले की प्रयागबाई वैशाखात गेल्या. चार दिवस ताप होता. त्यांचा समज होता की मला कळलं असेल.

जानेवारीत बोंडं वाळल्यावर मी बी झोडलं, दोन मुठी एका डब्यात भरल्या आणि सावरखेडीला गेलो. चंपतराव लिंबाखालीच होता. डबा त्याने हातात घेतला नाही. ज्याच्या हातचं त्याच्याच हातात द्यायचं असतं, म्हणाला, तिचं होतं, माझं नाही. मग शाळेमागे पेरू का, असं मी विचारलं. शाळेला कुलूप होतं. चर बुजला होता, फरश्या कुणीतरी काढून नेल्या होत्या, आणि वाफ्यांच्या जागी रस्त्याची खडी पडलेली होती.

"पेरा ना," तो म्हणाला. "पन पानी कोन देईन? ताटं कोठी हायत?" या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

येताना धानोलीला थांबलो. निदान तिथल्या कुंपणाशी पेरावं, असं उद्धवरावांना म्हणालो. अर्ज द्या, असं ते बोलून गेले. जेवणाची घंटा झाली. सावरखेडीच्या मुलींपैकी सहा उरल्या होत्या. वरण पातळ होतं. तो सोमवार होता, आणि त्यातली एक मुलगी, चौथीतली असेल, ताट घेण्याआधी आपल्या मैत्रिणीची पापणी ओढून बघत होती. बघून ती रांगेत पुढे सरकली. रंग सांगून तरी ताटात वाढायला काय होतं?

मी येत्या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. टेबलावरची प्रकरणं संपवत आणली आहेत. अंगणात दरवर्षी अंबाडी असते, आणि जानेवारीत डब्यातलं जुनं बी काढून नवं भरतो, म्हणजे ते उगवण्याजोगं राहतं.

प्रयागबाईंचं दोन मुठी अंबाडीचं बी, त्यांच्या मुठीने, माझ्याकडे देणं आहे.